बुर्गडॉर्फ ते ब्रसेल्स: एका वीजदराच्या मागावर

युरोपात विजेचं एखादं धोरण एका देशातून दुसऱ्या देशात कसं पोचतं, हे मी नोकरीत असताना फक्त कागदावर वाचलं होतं. वीजदर ठरवण्याच्या कामात जर्मनीचा कायदा, स्पेनचा आदेश, ब्रिटनचे लिलाव यांचे दाखले सतत यायचे. त्या दाखल्यांमागची गावं बघायची मला फार इच्छा होती. भाची फ्रायबुर्गला शिकते. २०२५ च्या मे अखेरीस तिला सणाची जोडून सुट्टी होती, तेव्हा बेत जमला.

सगळी धोरणं बघणं शक्य नव्हतं, म्हणून एकच निवडलं. छपरावर उन्हापासून वीज तयार करणाऱ्याला त्याचा खर्च भरून निघेल असा दर, ठरावीक वर्षांसाठी, लेखी हमीने द्यायचा आणि तो भार सगळ्या ग्राहकांच्या बिलात थोडा थोडा वाटायचा. हा विचार स्वित्झर्लंडच्या एका छोट्या गावातून निघाला, जर्मनीच्या नगरपालिकांमध्ये रुजला, तिथून देशाच्या कायद्यात आणि पुढे अर्ध्या युरोपात गेला. त्याच रस्त्याने आम्ही रेल्वेने गेलो.

सोमवार, बुर्गडॉर्फ

बर्नहून गाडीने पाव तासात बुर्गडॉर्फ येतं. उतरले तेव्हा बारीक पाऊस होता आणि एमे नदीवर ढग उतरले होते. विजेत रस असणाऱ्याने या स्टेशनवर जरा थांबावं. इथून थूनला जाणारी रेल्वे १८९९ मध्ये विजेवर धावू लागली. प्रमाण रुंदीच्या रुळांवरची, पूर्ण विजेवर चालणारी ती युरोपातली पहिली गाडी.

वरच्या गावात किल्ला आहे. स्विस शिक्षणतज्ज्ञ पेस्टालोझीने १८०० ते १८०४ या काळात तिथे शाळा चालवली. आता त्याच किल्ल्यात वसतिगृह आहे. खोली साधी, भिंती जाडजूड, खिडकीतून एमेन्टालच्या टेकड्या दिसतात. स्वित्झर्लंडच्या मानाने भाडंही परवडणारं. आधी नोंदणी करून ठेवा, शाळांच्या सहलींनी ते लवकर भरतं.

दुपारी एका बेकरीत शेजारच्या टेबलावर एक निवृत्त वायरमन भेटले. मी कशासाठी आले ते सांगितल्यावर त्यांनी कॉफीचा कप बाजूला सारला आणि कागदी रुमालावर आकृती काढायला घेतली. १९९१ मध्ये इथल्या नगरपालिकेच्या वीज उपक्रमाने सौर विजेला युनिटमागे १ फ्रँक दर दिला, १२ वर्षांसाठी. त्या काळात ही रक्कम घरगुती दराच्या कितीतरी पट होती. इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात सौर पॅनेलची प्रयोगशाळा होती, त्यामुळे गावाला तो विषय परका नव्हता. त्यांचं एक वाक्य मी लगेच वहीत टिपलं: "पैसे पॅनेलचे दिले तर माणूस पॅनेल लावून विसरतो. पैसे युनिटचे दिले तर तो छपरावर चढून बर्फ झाडतो."

मला तत्काळ साताऱ्याजवळचं चाळकेवाडीचं पठार आठवलं. नव्वदच्या दशकात आपल्याकडे पवनचक्क्यांना करातून १०० टक्के घसारा मिळायचा, यंत्राची पूर्ण किंमत करपात्र उत्पन्नातून वजा व्हायची, म्हणजे पैसे यंत्र उभारण्याचे होते. ते किती फिरतं याच्याशी त्या सवलतीचा संबंध नव्हता, आणि देशात कितीतरी चक्क्या नुसत्या उभ्या राहिल्या. २००३ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने पवन विजेला युनिटमागे ३ रुपये ५० पैसे आणि दरवर्षी १५ पैसे वाढ असा १३ वर्षांचा दर दिला. त्यातला विचार बुर्गडॉर्फच्या वायरमनचाच होता. पैसे युनिटचे द्या.

संध्याकाळी रोश्टी, म्हणजे किसलेल्या बटाट्याचं खरपूस थालीपीठ, आणि त्यावर मेरिंग. मेरिंग म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याची भाजलेली कुरकुरीत गोड वडी, तिच्यावर सायीचा डोंगर. एकट्याने संपत नाही. पाण्यासाठी खर्च करू नका, रस्त्यावरच्या दगडी कारंज्यांचं पाणी पिण्याचंच असतं.

मंगळवार, शोनाऊ

भाची बासेलला येऊन भेटली. बासेलच्या बाडिशर स्टेशनवरून त्सेलपर्यंत लोकल आणि पुढे बस. ब्लॅक फॉरेस्टमध्ये मुक्काम केलात तर लॉजवाल्याकडून पाहुण्यांचं कोनुस कार्ड मागून घ्या, त्यावर या भागातल्या बस आणि लोकल फुकट आहेत. जर्मनीत आठवडाभर फिरणार असाल तर महिन्याचा डॉइचलांड पास सोयीचा. आम्ही गेलो तेव्हा तो ५८ युरोंचा होता. तो वेगवान गाड्यांना चालत नाही आणि मुदतीत रद्द केला नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात.

शोनाऊ म्हणजे बेल्खेन डोंगराच्या पायथ्याचं अडीच हजार वस्तीचंही नसलेलं गाव. ऊन लख्ख पडलं होतं. प्रोटेस्टंट चर्चचं छप्पर सौर पॅनेलचं आहे, ते दुरूनच चमकतं. चर्चच्या पायऱ्यांवर एक आजी फुलांच्या कुंड्यांना पाणी घालत होत्या. भाचीने जर्मनमध्ये विचारपूस केली आणि आजी कुंड्या सोडून आमच्याबरोबर बाकावर बसल्या.

१९८६ च्या एप्रिलमध्ये चेर्नोबिलच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला तेव्हा त्यांची मुलं लहान होती. पाऊस पडला की मुलांना घरात घ्यायचं, बागेतली भाजी खायची नाही, दूध कुठलं ते विचारायचं. त्या भीतीतून गावातले पालक एकत्र आले. आधी वीज वाचवण्याच्या स्पर्धा झाल्या, मग गावाची वीजवाहिनीच विकत घ्यायचं ठरलं. उर्सुला आणि मिखाएल स्लाडेक हे दांपत्य त्यात पुढे होतं. १९९१ आणि १९९६ अशी दोनदा गावात मतदानं झाली, दोन्ही त्यांनी जिंकली. देशभरातून देणग्या आल्या आणि १ जुलै १९९७ ला गावाचं वीजजाळं गावकऱ्यांच्या मालकीचं झालं. "मतमोजणीच्या रात्री आम्ही रडलो," आजी म्हणाल्या. इतक्या वर्षांनी सांगतानाही त्यांचा आवाज दाटला.

पुढची गोष्ट मला धोरण म्हणून सगळ्यात मोलाची वाटते. १९९८ मध्ये जर्मनीने आपला वीजबाजार एकदम सगळ्यांसाठी खुला केला. कोणीही कोणाकडूनही वीज घ्यावी. हे बर्लिनमध्ये किंवा बॉनमध्ये कोणाला आपोआप सुचलेलं नव्हतं. ब्रिटनने १९९० मध्ये वीजमंडळ तोडून विकलं. नॉर्वेने १९९१ पासून बाजार खुला केला, पण धरणं आणि वीजकेंद्रं बहुतांशी सरकारच्या आणि पालिकांच्या हातातच ठेवली. १९९६ मध्ये नॉर्वे आणि स्वीडनने मिळून सामायिक वीजबाजार सुरू केला, मग फिनलंड आणि डेन्मार्क त्यात आले. त्याच १९९६ मध्ये युरोपीय संघाने सगळ्या सदस्यांना बाजार टप्प्याटप्प्याने उघडायला सांगणारा निर्देश काढला. त्यात आधी विचार होता कारखान्यांसारख्या मोठ्या ग्राहकांचा. पण दार उघडल्यावर शोनाऊसारख्या गावाची संस्था अख्ख्या जर्मनीत वीज विकू लागली. धोरण ज्यांच्यासाठी लिहिलं जातं त्यांच्यापेक्षा वेगळ्याच माणसांच्या हातात ते जास्त उपयोगी पडतं, याचं इतकं सुंदर उदाहरण मी दुसरं पाहिलेलं नाही.

रात्री खानावळीत पांढरा श्पार्गेल. जर्मनीत हा शतावरीचा हंगाम २४ जूनला संपतो, तोवर प्रत्येक फळ्यावर तेच लिहिलेलं असतं. उकडलेले कोवळे दांडे, वितळलेलं लोणी, बटाटे. शाकाहारी माणसाचं पोट भरतं.

बुधवार, बॉन

ऱ्हाइनकाठची रेल्वे. माइंत्सकडून उत्तरेला जाताना उजव्या हाताची खिडकी धरा, कोब्लेंत्सपर्यंत नदी, द्राक्षमळे आणि किल्ले त्याच बाजूला दिसतात. आकाश भरून आलं होतं आणि नदी शिशाच्या रंगाची झाली होती.

बॉनमध्ये मला एकच इमारत बघायची होती, जुनं पाणीपुरवठा केंद्र. जर्मन संसद बर्लिनला जाण्याआधी बॉनमध्ये होती आणि १९८६ ते १९९२ या काळात ती याच इमारतीत भरायची. त्या काळातच, १९९० च्या अखेरीस, एक छोटा कायदा मंजूर झाला. वीज कंपन्यांनी पवन आणि सौर वीज घेतलीच पाहिजे आणि ग्राहकांच्या सरासरी दराच्या ९० टक्के दर दिला पाहिजे. तो मांडण्यात पुढाकार होता बव्हेरियातल्या रूढिवादी पक्षाच्या एका खासदाराचा आणि ग्रीन पक्षाच्या एका खासदाराचा. बव्हेरियाच्या ओढ्यांवरच्या छोट्या जलविद्युत मालकांना दर हवा होता, ग्रीन मंडळींना पवनचक्क्या हव्या होत्या. शेजारी डेन्मार्कमध्ये ८५ टक्क्यांचं गणित आधीपासून चालू होतंच. पवनचक्क्यांना ९० टक्के पुरले. सौर विजेला मात्र त्याचे १७ फेनिगच्या आसपास मिळायचे (तेव्हाच्या जर्मन मार्कचे १०० फेनिग) आणि खर्च होता २ मार्कांच्या घरात. ही दरी भरायला बुर्गडॉर्फचा विचार लागणार होता.

भाचीने विचारलं, "मावशी, मग तो विचार बॉनला आला कुठून?" उद्या दाखवते म्हटलं आणि आखेनची गाडी पकडली.

गुरुवार, आखेन

हा स्वर्गारोहणाचा सण. जर्मनी, बेल्जियम, लक्झेंबर्ग सगळीकडे बहुतेक दुकानं बंद. या दिवसांत जाणार असाल तर आदल्या संध्याकाळीच दूध, पाव, फळं घेऊन ठेवा. जर्मनीत याच दिवशी पितृदिन असतो. बाप्ये मंडळी बिअरने भरलेल्या हातगाड्या ओढत, गाणी म्हणत डोंगरावर निघतात. आमच्या बसमध्ये अशी एक टोळी होती. त्यांनी भाचीच्या हातात फुलं दिली आणि मला बसायला जागा.

आखेनमध्ये मध्ययुगीन सम्राट शार्लमान्यचं कॅथेड्रल आहे, गंधकाचा वास येणारे गरम झरे आहेत आणि प्रिंटन नावाची मसाल्याची कडक बिस्किटं आहेत. दात जपून खा. पण माझ्या लेखी आखेनची थोरवी १९९२ च्या नगरपालिका ठरावात आहे. इथल्या सौरप्रेमी नागरिकांच्या संस्थेने बुर्गडॉर्फचं गणित उचललं आणि पालिकेसमोर ठेवलं. सौर विजेला युनिटमागे २ मार्क, २० वर्षं. पालिकेने हो म्हटलं. वीज कंपनी कचरली आणि दर वाढवायला राज्याच्या दरनियंत्रकाची परवानगी आहे की नाही यावर वाद पेटला. शेवटी राज्याने ग्राहकांचा दर १ टक्क्यापर्यंत वाढवायला मुभा दिली आणि १९९५ मध्ये पैसे मिळायला लागले. तोवर बव्हेरियातली हामेलबुर्ग आणि फ्रायजिंग ही गावं पुढे निघूनही गेली होती. पाहता पाहता डझनावारी पालिकांनी हाच दर लावला.

हामेलबुर्गचे एक नगरसेवक होते हान्स-योसेफ फेल. ते १९९८ मध्ये खासदार झाले. हेरमान शेअर यांच्यासारख्या खासदारांबरोबर त्यांनी २००० चा अक्षय ऊर्जा कायदा घडवला. सौर विजेला ९९ फेनिग, २० वर्षं, आणि २००२ पासून नव्या संचांसाठी दरवर्षी ५ टक्के कमी. भाचीच्या प्रश्नाचं हेच उत्तर. विचार बॉनला, मग बर्लिनला आला तो माणसाबरोबर आला. नगरपालिकेत ज्याने तो राबवला होता तोच संसदेत जाऊन बसला. एका देशाच्या अहवालाने दुसरा देश बदलल्याची उदाहरणं मला थोडी सापडली. काम करून पाहिलेला माणूस वरच्या सभागृहात गेला की धोरण त्याच्यासोबत चढतं.

दुपारी फाल्सच्या टेकडीवर गेलो. ३२२ मीटर उंची, पण नेदरलँड्सच्या युरोपातल्या मुख्य भूमीचं हे शिखर, आणि जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्सच्या सीमा इथे एका दगडाशी मिळतात. मुलं तिन्ही देशांना गोल प्रदक्षिणा घालत होती. वारा बेफाम होता. या परिसरातून जमिनीखालून एक केबल जाते. जर्मनीतलं ओबरत्सिअर ते बेल्जियममधलं लिख्स, सुमारे ९० किलोमीटर, १००० मेगावॅट. २०२० च्या नोव्हेंबरात सुरू झाली. तोपर्यंत या दोन शेजाऱ्यांमध्ये थेट उच्चदाब जोडणीच नव्हती. बाजार मात्र त्याआधीच जोडला गेला होता. फ्रान्स, बेल्जियम आणि नेदरलँड्स यांनी २००६ मध्ये उद्याच्या विजेचे भाव एकत्र काढायला सुरुवात केली. २०१० मध्ये जर्मनी आणि लक्झेंबर्ग आले. २०१४ मध्ये उत्तरेचे देश आणि ब्रिटन. सगळ्या बोली एका गणितात घालायच्या, सीमेवरच्या तारा भरल्या नसतील तर दोन्हीकडे भाव सारखा निघतो, भरल्या तर वेगळा. असं धोरण शेजाऱ्याचं बघून उचलायची गरज राहत नाही, तारेने जोडलं गेलं की ते पाळावंच लागतं.

शुक्रवार, वियान्डेन आणि लक्झेंबर्ग

लिएजहून लक्झेंबर्गला जाणारी गाडी आर्देनच्या जंगलातून जाते. सीमा ओलांडली की तिकीट काढायचं नाही. २०२० पासून लक्झेंबर्गात ट्राम, बस, दुसऱ्या वर्गाची रेल्वे सगळ्यांना मोफत आहे, पर्यटकांनाही.

वियान्डेनला किल्ला बघायला सगळे जातात, १८७१ मध्ये फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगो इथे राहिला होता. आम्ही किल्ल्याला पाठ करून डोंगराच्या पोटात गेलो. तिथे १९६४ पासून उदंचन जलविद्युत केंद्र आहे, सुमारे १३०० मेगावॅटचं. बोगद्यातल्या हवेने अंगावर काटा येतो, स्वेटर न्या. वीज स्वस्त असली की नदीचं पाणी डोंगरावर चढवायचं, महाग झाली की खाली सोडायचं. २०२४ मध्ये जर्मनीत ४५७ तास विजेचा घाऊक भाव शून्याच्या खाली होता. म्हणजे भर दुपारच्या उन्हाने इतकी वीज तयार झाली की घेणाऱ्यालाच पैसे मिळत होते. बुर्गडॉर्फच्या एका फ्रँकचा हा दूरवरचा परिणाम, आणि तो झेलायला असे डोंगर लागतात. गंमत म्हणजे हे केंद्र लक्झेंबर्गच्या भूमीवर असलं तरी जोडलेलं आहे जर्मन जाळ्याला, आणि दोन्ही देशांचा भाव एकाच विभागात निघतो. ऑस्ट्रियाही त्यात होता. तारांवर ताण येऊ लागला म्हणून २०१८ मध्ये तो वेगळा केला गेला.

दुपारी राजधानीत किर्शबर्गला ट्रामने गेलो. युरोपीय न्यायालयाचे सोनेरी मनोरे पावसात उभे होते. आत जायला आधी नाव नोंदवावं लागतं. १३ मार्च २००१ चा प्रॉयसेनएलेक्ट्रा या जर्मन वीज कंपनीच्या खटल्याचा निकाल इथला. जर्मन कायद्याने खासगी कंपन्यांना जादा दराने वीज घ्यायला लावली, ही सरकारी मदत आहे का, असा प्रश्न होता. न्यायालय म्हणालं, सरकारच्या तिजोरीतून पैसा जात नाही, म्हणून ही सरकारी मदत नव्हे. हा निकाल उलटा लागला असता तर इतर देशांना हा रस्ता इतका मोकळा मिळाला नसता. पुढच्या काही वर्षांत युरोपातल्या बहुतेक देशांनी कुठल्या ना कुठल्या रूपात हमीदर लावला. जर्मनी आणि स्पेन यांनी तर २००४ च्या बॉन परिषदेपासून अनुभवाची देवाणघेवाण करायला हात मिळवले.

शनिवार, ब्रसेल्स

लक्झेंबर्ग ते ब्रसेल्स ही गाडी संथ आहे, पण मला त्या तीन तासांचं मोल मोठं वाटतं. समोर ला मांचाकडच्या एक स्पॅनिश बाई होत्या, मुलीला भेटायला निघालेल्या. बोलणं सुरू झालं २८ एप्रिलच्या वीजबंदीवरून. त्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास स्पेन आणि पोर्तुगाल दोन्ही अंधारले. त्यांच्या गल्लीत एका म्हाताऱ्याकडे सेलवर चालणारा रेडिओ होता, सगळे त्याच्या दारात जमले.

मग विषय आला २००७ वर. त्या वर्षी स्पेनने जर्मनीसारखा हमीदर दिला, २५ वर्षं. हजारो कुटुंबांनी बचत घातली, कर्जं काढली, शेताच्या तुकड्यांवर पॅनेल लावले. त्यांच्या वडिलांनीही. उद्दिष्ट होतं २०१० पर्यंत ३७१ मेगावॅट. एकट्या २००८ मध्ये अडीच हजार मेगावॅटहून जास्त लागले. जर्मन कायद्यात नव्या संचांचा दर दरवर्षी उतरायचा आणि जादा खर्च ग्राहकाच्या बिलात चढायचा. स्पेनने दर घेतला, पण उतरण तशी बांधली नाही, आणि बिलं वाढू नयेत म्हणून खर्च कर्जाच्या खात्यावर साठत गेला. ते कर्ज २५ अब्ज युरोंच्या पलीकडे गेलं. २०१० मध्ये किती तासांच्या विजेला दर मिळेल यावर मर्यादा आली. २०१३ मध्ये जुना दरच रद्द झाला. "सरकारी राजपत्रात छापलं होतं, म्हणून बाबांनी विश्वास ठेवला," त्या म्हणाल्या. भाचीने त्यांचा हात हातात घेतला.

हे मला मनापासून लागलं, कारण आयुष्यभर मी अशाच तक्त्यांवर काम केलंय. दर ही तक्त्यातली एक ओळ असते. खाली उतरण, मर्यादा, वसुली, मुदत या ओळी असतात. दुसऱ्या देशात जाताना वरची ओळ सगळ्यांना दिसते. खालच्या ओळी त्या देशाच्या सवयींत, बिलाच्या रचनेत, दरनियंत्रकाच्या अधिकारात रुतलेल्या असतात. त्या उचलून आणायला जास्त कष्ट आहेत आणि ते घ्यायलाच हवेत, कारण हमीवर सही सरकारची असली तरी गहाण कोणाचं तरी शेत असतं.

ब्रसेल्समध्ये सणाच्या सुट्टीमुळे युरोपीय कचेऱ्यांचा भाग सामसूम होता. फ्रीत, म्हणजे बटाट्याचे तळलेले काप, खाण्याआधी शाकाहारी मंडळींनी जरूर विचारावं. पारंपरिक दुकानांत ते गाईच्या चरबीत तळतात. वनस्पती तेलात तळणारी दुकानंही आहेत, आम्हाला दुसऱ्याच गल्लीत मिळालं.

कागदी कोन हातात घेऊन आम्ही बर्लेमाँच्या, म्हणजे युरोपीय आयोगाच्या मुख्यालयाच्या, समोर बसलो आणि भाचीला आजचं धोरण सांगितलं. २०१७ पासून जर्मनीतही मोठ्या संचांचा दर लिलावात ठरतो. ब्रिटनने २०१३ च्या कायद्याने दुहेरी फरकाचा करार आणला. एक भाव ठरवायचा, बाजारभाव खाली गेला तर उत्पादकाला फरक द्यायचा, वर गेला तर त्याने परत करायचा. २०२१ पासून ब्रिटन युरोपच्या सामायिक भावगणनेतून बाहेर आहे. तरी २०२४ मध्ये युरोपीय संघाने बाजाराचे नियम बदलले तेव्हा नव्या पवन, सौर, जलाशयाविना चालणाऱ्या जल, भूऔष्णिक आणि अणुवीज प्रकल्पांना थेट भावाचा आधार द्यायचा तर तो याच दुहेरी किंवा तसाच परिणाम देणाऱ्या पद्धतीने, असं ठरवलं. जुलै २०२७ नंतरच्या करारांना ते लागू होईल.

भाचीने पहिलाच प्रश्न विचारला, "भाव वर गेल्यावर परत आलेला पैसा कोणाला मिळणार?" नियमात उत्तर आहे, तो ग्राहकांना वाटावा किंवा अशाच योजनांना आणि वीजदर उतरवणाऱ्या गुंतवणुकीला वापरावा. वाटायचा कसा ते प्रत्येक देशाने ठरवायचं. सत्तावीस देश तो तक्ता कसा भरतात ते मी घरी बसून ओळीओळीने बघणार आहे, आणि माद्रिदचा तक्ता सगळ्यांत आधी.